सदतीस अंशांचं पाणी

साखरेने आईच्या पायांची जाण नेली, जिभेची नेली नाही. तळपायात टाचणी घुसली तरी तिला पत्ता लागत नसे, पण आमटीत मीठ चिमूटभर कमी पडलं की सबंध मजल्याला कळायचं. आम्ही लालबागला राहतो. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, दाराला बेल आली, पण आईचा आवाज चाळीचाच राहिला. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या घरात टीव्हीची गरज नाही.

तिचं सगळं आयुष्य खानावळीत गेलं. वडील गिरणीत होते आणि घरात मालवणकडच्या गाववाल्यांची खानावळ होती. भाकरी ती तव्यावरून हातानेच उलटायची, उकळत्या कालवणात बोट घालून चव बघायची. मला पहाटे उठवून पिठाच्या परातीपुढे बसवायची. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या भावाला उठवायची नाही, कारण त्याला शिकायचं होतं. शिकत मीही होते. माझी दोन चांगली स्थळं तिने आपणहून परत पाठवली, कारण मी गेले असते तर पीठ कोणी मळलं असतं? भाऊ शिकला, सरकारी नोकरीला लागला, लग्न करून अँटॉप हिलच्या वसाहतीत राहायला गेला. मी दादरला चष्म्याच्या दुकानात लागले आणि आईपाशी राहिले. वडील गेले, खानावळ बंद झाली, मी तिथेच. मला तिचा राग होता. आजही आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आई नवरात्रात अनवाणी राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की साखरवाल्या माणसाने घरातसुद्धा चप्पल घालायची. तिने ते ऐकून घेतलं आणि देवीला विचारलं असावं, कारण घटस्थापनेला चपला पुन्हा कपाटावर गेल्या. त्या वर्षी ऑक्टोबरचं ऊन असं होतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायरीवरून उतरत नव्हती. भर दुपारी ही बाई डांबरावरून देवळात जाऊन आली. डाव्या पायाला टरारून फोड आले. तिला काही जाणवलं नाही. संध्याकाळी तिने जन्मभर केलं तेच केलं. टोपात पाणी तापवलं, टबात ओतलं, मूठभर मीठ घातलं, हात घालून बघितला, ‘कोमट असा’ म्हणाली आणि तो पाय सोडून बसली.

तो हात कसला? चाळीस वर्षं तवा सोसलेला. त्या हाताला कोमट वाटणारं पाणी मला चमच्याने ढवळवत नव्हतं. मी दुकानातून आले तेव्हा पाणी निवलं होतं आणि तिच्या पायाची कातडी टबात तरंगत होती. फोड, मग जखम, मग ती जखम भरेचना. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलणं सरळ. ती मला म्हणाली, “पाणी हाताने बघायचं नाही. त्यांच्या तर नाहीच, तुमच्यासुद्धा नाही. थर्मामीटर घ्या. सदतीसच्या वर पाणी नको. पाय भिजवत ठेवायचे नाहीत, धुवायचे आणि पुसायचे. डाव्याचं जे झालं ते झालं, आता उजवा सांभाळा. त्यांचा सगळा भार उजव्यावर आहे. तो गेला तर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत.”

म्हणजे उजवा पाय माझ्यावर आला. मी मनात म्हटलं, बरं. पिठानंतर पाणी.

घरात ताप बघायचा थर्मामीटर होता. तो टबात बुडवला तर त्याने केकाटून पडद्यावर इंग्रजी एच दाखवला. ताप मोजणाऱ्या यंत्राला बेचाळीस-त्रेचाळीसच्या पलीकडे काही असतं हेच ठाऊक नसतं. मग मी एका सुट्टीच्या दिवशी गिरगावाकडे, प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. तिथे शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान मिळतं. काचेचा, लांब, आत लाल रेघ असलेला थर्मामीटर मागितला. दुकानदाराने पाच काढून ठेवले. एकाच काउंटरवर, एकाच पंख्याखाली, आणि पाचांत तीन एक बोलत होते, दोन दुसरंच. मी विचारलं, यातला खरा कुठला? तो म्हणाला, “मॅडम, कुठलाही घ्या, उन्नीस-बीसच आहे.” त्या उन्नीस-बीसमध्ये माझ्या आईच्या पायाची बोटं जात होती. मी तिघांतला एक घेतला आणि घरी येऊन बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितला. रेघ शून्यावर येऊन थांबली, तेव्हा कुठे त्याच्यावर विश्वास ठेवला.

तरी पहिले काही दिवस माझं चुकतच होतं. टबात आधी गार पाणी, मग वरून गरम. वर मोजलं तर बेचाळीस, तळाशी मोजलं तर तेहतीस. गरम पाणी वरच राहतं. म्हणून खाली-वर चांगलं ढवळायचं. थर्मामीटरचा फुगा टबाच्या तळाला टेकू द्यायचा नाही, मध्ये धरायचा. रेघ चढायची थांबेपर्यंत हात हलवायचा नाही. आणि सगळ्यात मुख्य, तो पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढला की रेघ खाली पळते. त्यासाठी टबापाशी उकिडवं बसून, मान वाकडी करून, डोळा रेघेच्या उंचीला आणावा लागतो. माझे गुडघे कुरकुरायचे. सदतीस आलं की मी आईचे पाय आत घ्यायचे, साबण लावायचे, धुवायचे, बोटांच्या मधून फडका फिरवायचे. तिच्या पायांना माझ्याइतकं कोणी ओळखत नसेल. एवढं करून मला त्या पायांची माया वाटली का? नाही. डोळ्यांत तेल घालून सांभाळले एवढं खरं.

आईला ते पाणी मुळीच पसंत नव्हतं.

“वाफ येणा नाय ता पाणी कसला गो?” ती म्हणायची. “माका थंडगार पाण्यात बुडवता. मेल्यावर घाल तसला पाणी.”

“आये, तुला कळतं कुठे गार की गरम?”

“पायाक नाय कळला तरी डोळ्यांक दिसता.”

तिला वाफ हवी होती. तिच्या हिशेबी वाफ म्हणजे माया. कोणी बघायला आलं की ती पाय पुढे करून सांगायची, “माझो झील रविवारी येता नि हातान माझे पाय चोळता. आणि ह्या चेडू? नळी बुडवता!” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शेजारच्या काकूंनी तर माझं नावच ‘नळीवाली’ पाडलं. मी चहा ठेवायला आत जायचे आणि साखरेचा डबा उगाच आपटायचे.

भाऊ रविवारी यायचा हे खरं. येताना वरळी कोळीवाड्यातून ताजे बोंबील नाहीतर कुर्ल्या आणायचा आणि पिशवी माझ्या हातात द्यायचा. मी साफ करायला बसले की तो आईचे पाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळायचा. आईच्या डोळ्यांना धार. आठवड्यातले सहा दिवस पाय मी धुवायचे, सातव्या दिवशी तो चोळायचा, आणि आशीर्वाद सातव्या दिवशी दिले जायचे. तो वाईट माणूस नाही. त्याला लाड करायला आवडतात आणि उरलेलं काम दुसऱ्या कोणाचं असतं असं त्याला लहानपणापासून वाटत आलं आहे. आम्हीच वाटू दिलं.

मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, तू चोळ, ओवाळ, हवं ते कर, पण पाणी माझ्यावाचून घालायचं नाही. आणि घालायचंच झालं तर हा थर्मामीटर. कसा धरायचा, कुठे धरायचा, पाण्यातच कसा वाचायचा, सगळं करून दाखवलं. तो मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, “ताई, टेन्शन नको घेऊस यार. पाणीच मोजायचंय ना, रॉकेट सोडायचंय का?”

त्याला जवळचं दिसत नाही. पंचेचाळिशी उलटून गेली, वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो. मी चष्म्याच्या दुकानात असून माझ्या सख्ख्या भावाला वाचायचा चष्मा नाही, कारण चष्म्याने तो म्हातारा दिसेल. मी दोनदा फ्रेम काढून ठेवली. दोन्ही वेळा म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो.

पुढच्या वर्षीची भाऊबीज आली. भाऊबीजेला बहिणीने भावाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, ओवाळायचं, जेवू घालायचं. सकाळी तो आला, एकटाच. त्याची बायको मुलांना घेऊन तिच्या भावांकडे गेली होती. मी त्याला तेल लावलं, कढत पाण्याची बादली काढून दिली, ओवाळलं. तबकात त्याने साडी घातली. मग लक्षात आलं की सोलकढीला नारळ कमी आहे आणि कोकमं संपलीयत. मी पिशवी घेऊन खाली उतरले. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने गेले. दिवाळीची गर्दी, कोपऱ्यावरच्या दुकानात रांग. वर यायला वेळ लागला.

दार उघडल्याबरोबर मला वाफ दिसली. हॉलभर. आई खुर्चीत बसलेली, चेहरा असा खुललेला की मी तिला तशी खानावळीच्या दिवसांतही पाहिली नव्हती. उजवा पाय टबात, डावा भावाच्या मांडीवर. तो तेल चोळत होता आणि दोघं गावाकडची कसलीशी गोष्ट काढून हसत होती. बाजूला स्वयंपाकघरातला मोठा टोप, रिकामा.

“बघ गो,” आई मला म्हणाली, “ह्येका म्हणतत पाणी!”

मी पिशवी टाकली आणि तिचा पाय बाहेर ओढला. घोट्यापर्यंत लालभडक होता. तळव्याची कातडी माझ्या बोटांखाली सरकली, सोललेल्या टोमॅटोसारखी. आई तेव्हाही हसतच होती. तिला काय कळणार?

भाऊ पांढराफटक पडला. “ताई, मी मोजलं. आईशप्पथ मोजलं. सदतीसच होतं.”

“कुठे वाचलंस?”

“खिडकीत. इथे वाफेत दिसत नव्हतं.”

मी थर्मामीटर त्याच टबात घातला. इतका वेळ निवूनसुद्धा रेघ सत्तेचाळीसवर जाऊन थांबली. मग त्याच्या डोळ्यांसमोर तो बाहेर काढला, पंख्याखालून चालत खिडकीपर्यंत गेले, त्याच्यासारखाच हात लांब करून धरला. ओली काच, वरून वारा. रेघ खाली येतच होती. त्याच्या त्या म्हाताऱ्या न झालेल्या डोळ्यांना आकडे जुळेपर्यंत सदतीस व्हायला वेळ लागला नसेल. त्याने मोजलं होतं. खिडकीतली हवा मोजली होती. मी त्याला शिव्या दिल्या, खानावळीत ऐकलेल्या सगळ्या. भाऊबीजेच्या दिवशी, कपाळावरचं कुंकू वाळायच्या आत.

“त्येका कित्याक बोलतंस?” आई माझ्यावरच डाफरली. “माका काय होणा नाय.”

परळच्या हॉस्पिटलात नेलं. तीच डॉक्टर होती. तिने पट्टी उघडली, बघितलं आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकून विचारलं, “पाणी कोणी घातलं?”

आई घरात, शेजारात, बाजारात मालवणीच बोलते. डॉक्टर, मास्तर आणि पोलीस यांच्याशी मात्र ती एकदम पुस्तकी होते. खाटेवर पडल्या पडल्या ती अगदी स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाली, “माझ्या मुलीने घातलं, मॅडम.”

मी भावाकडे बघितलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, बोलतोय. त्याने मोबाइल काढला, “मी जरा हिला फोन करतो,” म्हणाला आणि व्हरांड्यात गेला.

डॉक्टरने मग मला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं. मी सांगून ठेवलं होतं ना? थर्मामीटर घेतला होता ना? मग कशासाठी घेतला होता, शोभेला? आपल्याच आईच्या बाबतीत इतका निष्काळजीपणा? बाजूच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून ऐकत होती. मी म्हटलं, मी घरात नव्हते. डॉक्टर म्हणाली, मग कोण होतं? आई मध्येच कण्हली, इतकी मोठ्याने की नर्स धावली. ज्या पायाला काही कळत नव्हतं तो तेवढ्यापुरता दुखला. माझं उत्तर तिथेच राहिलं आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली.

त्यानंतर बातमी लालबागला माझ्याआधी पोचली. लिफ्टमध्ये बायका गप्प व्हायला लागल्या. शेजारच्या काकूंनी, ज्यांनी माझं नाव नळीवाली पाडलं होतं, मला जिन्यात गाठून विचारलं, “अगो, पण तू तर मोजून घालायचीस ना?” त्यांच्या डोळ्यांत दुःख होतं आणि त्याहून जास्त गंमत होती. मी म्हटलं, त्या दिवशी मोजायचा कंटाळा आला. त्यांनी तेही खरं मानलं.

उजवा पाय काळा पडत गेला. साखर आटोक्यात येईना, ताप उतरेना. एका दुपारी मोठ्या डॉक्टरांनी भावाला आणि मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, सकाळीच, नाहीतर आई हाताला लागणार नाही. भाऊ ढसाढसा रडला. मग डोळे पुसून हो म्हणाला. मला कोणी विचारलं नाही, कारण पाय जाळणारीला काय विचारायचं?

“आईला आत्ता नको सांगूया,” तो मला म्हणाला. “रात्रभर घाबरेल. सकाळी नेताना बघू. तू काही बोलू नकोस हां ताई.” मग म्हणाला, तिच्यासमोर जायची त्याची हिंमत होत नाही. मी त्याला माझा डबा दिला, तो कँटीनच्या बाकावर बसून जेवला आणि घरी गेला.

संध्याकाळी मी आईपाशी बसले. ती जागी होती. तिला माहीत होतं की मी काय विचारणार, कारण मी आठवडाभर काहीच विचारलं नव्हतं.

“आये, माझं नाव का घेतलंस?”

तिने चुळबुळसुद्धा केली नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिने मला समजावून सांगितलं. “तो पोराबाळांचो माणूस. सरकारी नोकरी. त्येची बायल त्येका काय म्हणतली? तुझा काय जातला?”

मी खूप वेळ त्यावर विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. केला नाही. मी खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला, तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, उद्या सकाळी तुझा उजवा पाय कापणार आहेत. गुडघ्याच्या खालून. इथून. मी चादरीवरून बोट फिरवून जागा दाखवली. तुला आता उभं राहता येणार नाही. आणि हे तुझ्या झिलाला दुपारपासून माहीत आहे. हो म्हणणारा तोच. तुला सांगायला नको म्हणणाराही तोच.

तिला लागावं म्हणूनच मी ते बोलले, एकेक शब्द मोजून. शरीराचा एक तरी भाग असा असेल जिथे तिला अजून कळत असेल, तो मला शोधायचा होता.

आई चादरीकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. दोन्ही हात तिने पोटावर घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. मला वाटलं, आता रडेल, मला शाप देईल, निदान देवीचं नाव घेईल. मी तयार होते.

“म्हणजे दुपारपासून त्येका ठाव असा,” ती हळूच म्हणाली. मग तिने मान माझ्याकडे वळवली. “तो जेवलो काय गो?”

मी म्हटलं, जेवला.